पैशाविषयीची भीती, लाज आणि संकोच कसा हाताळावा

पैशाबद्दल मराठी घरांमध्ये दोन परस्परविरोधी शिकवणी एकाच वेळी दिल्या जातात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वही, पासबुक आणि नाणी पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिले जाते आणि चुकून नोटेला पाय लागला तर लगेच नमस्कार केला जातो. त्याच घरातली वडीलधारी माणसे मात्र ‘पैसा काय, हाताचा मळ’ असे म्हणून तो विषय संपवतात. घरात पैसा किती आहे, तो कुठे ठेवला आहे, कोणाचे किती देणे आहे आणि आपल्याला नेमकी कशाची भीती वाटते, हे शांतपणे बोलण्याची जागा या दोन टोकांच्या मध्ये असायला हवी होती. बहुतेक घरांत ती कधी तयारच होत नाही. पैशाच्या मनस्तापाचा मोठा भाग पैसे अपुरे असण्यातून येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्याचा उरलेला भाग न बोलण्यातून आणि न पाहण्यातून येतो, आणि तो आपल्या हातात असतो. पुढे जे सांगितले आहे ते या उरलेल्या भागासाठी आहे.

हे आधीच स्पष्ट करण्याचे कारण असे की, ज्याचे उत्पन्न गरजांनाच पुरत नाही त्याला ‘मनाची वृत्ती बदला’ असे सांगणे अन्यायाचे आहे. तमिळनाडूतील ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याच शेतकऱ्यांची तर्कबुद्धीची चाचणी दोनदा घेण्यात आली. एकदा तोडणीआधीच्या ओढगस्तीच्या दिवसांत आणि एकदा तोडणीनंतर हातात पैसे आल्यावर. तोडणीआधीच्या चाचणीत ते स्पष्टपणे मागे पडले. माणसे तीच होती, बुद्धीही तीच होती. चणचणीच्या दिवसांत मनाचा मोठा भाग केवळ पैशाच्या विवंचनेने व्यापलेला होता. कायद्याप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत कारखान्याने पैसे द्यायला हवेत, तरीही महिनोन्‌महिने बिलाची वाट पाहिलेल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्याला हा निष्कर्ष वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. यातून पहिला व्यावहारिक नियम निघतो. मोठा आर्थिक निर्णय ओढगस्तीच्या दिवसांत, विशेषतः महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, घेऊ नये. नवे कर्ज, विमा, जमिनीचा व्यवहार किंवा कोणाला दिलेला शब्द असे काहीही पगार किंवा बिल हातात येऊन चार दिवस उलटेपर्यंत पुढे ढकलता येत असेल, तर अवश्य पुढे ढकलावे.

घरातून आलेली वाक्ये

पैशाविषयीच्या आपल्या बहुतेक भावना आपल्या स्वतःच्या नसतात. त्या आई-वडिलांच्या आणि आजी-आजोबांच्या अनुभवातून आलेल्या असतात. ज्या घराने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली आणि रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, त्या घरात धान्याचे पिंप रिकामे दिसले की आजही अस्वस्थता येते, मग बँकेत कितीही शिल्लक असो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरांत येणारा पगार थांबला. अनेकांची नोकरी पुन्हा कधीच परत आली नाही. त्या घरांतून वाढलेली मुले आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना चांगला पगार असूनही नोकरी बदलण्याची धास्ती वाटते आणि आपल्या मुलाने व्यवसायात उतरण्याचे नाव काढले की ते हवालदिल होतात. ही धास्ती मूर्खपणाची नव्हती. त्या काळात तिनेच कुटुंब तारले. ती आजच्या परिस्थितीला लागू आहे का, एवढेच तपासायचे असते.

त्यासाठी एक वही घ्यावी आणि लहानपणी घरात पैशाबद्दल वारंवार ऐकलेली वाक्ये, जशी ऐकली तशी, लिहून काढावीत. ‘आपल्यासारख्यांना हे परवडत नाही’, ‘श्रीमंत माणूस सरळ मार्गाचा नसतो’, ‘बायकांनी व्यवहारात पडू नये’, ‘लोक काय म्हणतील’, ‘कर्ज म्हणजे पाप’ अशी ती वाक्ये असतील. प्रत्येक वाक्यापुढे ते कोण म्हणत असे आणि त्या व्यक्तीवर कोणता प्रसंग ओढवला होता, हे आठवेल तेवढे लिहावे. आई-वडील हयात असतील तर त्यांना विचारावे. ‘तुमच्याकडे किती आहे?’ हा प्रश्न त्यांना अवघडवून टाकतो. ‘तुमचा पहिला पगार किती होता आणि त्याचे तुम्ही काय केलेत?’ या प्रश्नाने मात्र बहुतेक माणसे मोकळी होतात. या संभाषणातून जे कळते ते अनेकदा थक्क करणारे असते: धाकट्या भावंडांच्या शिक्षणासाठी सोडलेले स्वतःचे शिक्षण, कोणाच्या तरी आजारपणात मोडलेल्या पाटल्या, भावाशी झालेला आणि कधीच न मिटलेला वाटणीचा वाद. एखाद्या वाक्यामागचा प्रसंग कळला की ते वाक्य नियमासारखे पाळणे आपोआप कमी होते.

ठरलेल्या वेळी आकडा पाहणे

घाबरलेले मन पैशाच्या बाबतीत दोन प्रकारे वागते. काही माणसे खात्यातली शिल्लक दिवसातून पुन्हा पुन्हा पाहतात, तर काही माणसे बँकेचे पत्र महिनोन्‌महिने उघडत नाहीत आणि क्रेडिट कार्डाच्या बिलाचा संदेश न वाचताच पुसून टाकतात. दोघांचीही भीती सारखीच असते आणि दोघांनाही उपाय एकच आहे. पैसे पाहण्याचा दिवस आणि वेळ ठरवावी आणि एरवी पाहू नये. पगारदारांसाठी पगारानंतरचा पहिला रविवार सोयीचा असतो; हातावर पोट असलेल्यांसाठी आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवणे बरे.

त्या दिवशी एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात. हातात आणि खात्यात मिळून किती आहे, देणे किती आहे आणि कोणाचे, येत्या महिन्यात टाळता न येणारा खर्च किती आहे, आणि या तिन्हींकडे पाहून काय वाटते आहे. चौथी गोष्ट लिहिण्याचा अनेकांना संकोच वाटतो, परंतु ती गाळू नये. ‘छातीत धडधडते’, ‘भावाचा राग येतो’, ‘यापेक्षा वाईट असेल असे वाटले होते’ असे जे असेल ते एका ओळीत लिहावे. तीन-चार महिन्यांच्या अशा ओळी एकत्र वाचल्या की भीतीचा आकडा आणि खरा आकडा यांचा दरवेळी मेळ असतोच असे नाही, हे स्वतःच्याच अक्षरात समोर येते. कोणताही सल्लागार हे इतक्या परिणामकारकपणे पटवून देऊ शकत नाही.

फोनवरून पैसे देण्याच्या सोयीमुळे खर्च होताना मनाला काही जाणवतच नाही, ही आजची अडचण आहे. सबंध व्यवहार रोखीत करणे आता शक्य नाही आणि तशी गरजही नाही. परंतु ज्या एका गोष्टीवरचा खर्च हाताबाहेर जातो आहे, मग ते बाहेरचे खाणे असो किंवा ऑनलाइन खरेदी, तेवढ्यापुरती महिन्याची रक्कम वेगळ्या खात्यात किंवा सरळ पाकिटात काढून ठेवावी आणि ती संपली की थांबावे.

अडीअडचणीसाठी सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बाजूला हवी, असे सर्वत्र सांगितले जाते. हा आकडा योग्यच आहे, परंतु ज्याच्याकडे काहीच शिल्लक नाही त्याला तो ऐकूनच हताश व्हायला होते. म्हणून आधी एका महिन्याच्या किराणा, भाडे, वीज आणि औषधे यांपुरती रक्कम वेगळी करावी. मनाला मिळणाऱ्या स्वस्थतेच्या दृष्टीने पाहिले तर सर्वांत मोठा फरक हा पहिला महिना पाडतो.

घरात बोलणे

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा असंख्य घरांमध्ये बायकांनी डाळीच्या डब्यात, साड्यांच्या घड्यांत आणि देव्हाऱ्याच्या खणात वर्षानुवर्षे साठवलेले पैसे नाइलाजाने बाहेर काढले. गृहिणींच्या खात्यांत अडीच लाख रुपयांपर्यंत भरलेल्या रकमेची चौकशी होणार नाही, असे सरकारला जाहीर करावे लागले, यावरूनच अशी शिल्लक किती सर्वसामान्य होती हे लक्षात येते. काही घरांत त्या पैशाचे कौतुक झाले, काही घरांत ‘हे आम्हाला आधी का सांगितले नाही?’ असा जाब विचारला गेला. माझ्या मते जाब विचारणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता. पैसे लपवावे लागतात, कारण मागताना हिशेब द्यावा लागतो आणि हिशेब देताना कमीपणा वाटतो.

यावर उपाय साधा आहे आणि तो उत्पन्न कितीही कमी असले तरी करता येतो. घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाला दरमहा ठरावीक रक्कम अशी असावी की जिचा हिशेब कोणी कोणाला विचारणार नाही. ती पाचशे रुपये असेल, पाच हजार असेल. नवरा-बायकोसाठी ती सारखीच असावी, मग कमावते दोघे असोत किंवा एकच. जी व्यक्ती कमावत नाही, तिच्या घरातल्या कामावर दुसऱ्याची कमाई उभी असते, म्हणून ही रक्कम देणगीसारखी किंवा उपकारासारखी हातावर ठेवू नये. ती तिच्या स्वतःच्या खात्यात, ठरलेल्या तारखेला, न मागता जमा व्हावी. सासू-सासरे किंवा आई-वडील एकत्र राहत असतील तर त्यांनाही हेच लागू आहे. नातवाला खाऊ द्यायला मुलाकडे पैसे मागावे लागणे हे म्हातारपणातले मोठे दुःख असते, आणि ते बोलून दाखवले जात नाही. परदेशात स्थायिक झालेल्या मुलांनीही ‘लागले तर सांगा’ असे म्हणून थांबू नये. आई-वडील सहसा सांगत नाहीत. दरमहा ठरलेली रक्कम आपोआप जाईल अशी सोय करावी आणि ती नको असेल तर नाही म्हणण्याचे काम त्यांच्याकडे ठेवावे.

नवरा-बायकोच्या बोलण्याविषयी दोन पथ्ये पाळावीत. पैशाचा विषय भांडणात काढू नये आणि भांडणाचा विषय पैशाच्या बोलण्यात आणू नये. ठरलेल्या रविवारी अर्धा तास, दोघांच्याही समोर तोच कागद, आणि सुरुवात आकड्यांऐवजी ‘या महिन्यात तुला कशाची काळजी वाटली?’ या प्रश्नाने करावी. एकाला साठवून सुरक्षित वाटते आणि दुसऱ्याला खर्च करून मोकळे वाटते, असे बहुतेक जोडप्यांत असते. कोण बरोबर आहे हे ठरवत बसल्यास ते बोलणे पुन्हा कधी होत नाही. त्याऐवजी किती रकमेपर्यंतचा निर्णय एकट्याने घ्यावा आणि त्यापुढचा दोघांनी मिळून, एवढे ठरवले तरी निम्मे वाद उद्भवत नाहीत.

मुलांपासून अडचण लपवू नये आणि अडचणीचे ओझेही त्यांच्यावर टाकू नये. ‘यंदा सहलीचे पैसे दवाखान्यात गेले, म्हणून आपण पुढच्या वर्षी जाऊ’ हे आठ वर्षांच्या मुलाला कळते. ‘तुझ्या फीपायी आम्ही मेलो’ हे वाक्य मात्र त्याला जन्मभर पुरते.

उसने पैसे, जामीन आणि नाही म्हणणे

पैशाशी असलेले नाते सर्वांत जास्त कुठे बिघडत असेल तर ते नात्यातल्या देवाणघेवाणीत. मागणारा अडचणीत असतो आणि देणारा भिडेत असतो. रक्कम किती, कधीपर्यंत आणि परत मिळाली नाही तर काय, हे बोलले तर आपण हिशेबी ठरू अशा भीतीने दोघेही गप्प राहतात. मग मुदत उलटते. मागायचे कसे म्हणून देणारा घुसमटतो, तोंड कसे दाखवायचे म्हणून घेणारा लग्नकार्यालाही येणे टाळतो, आणि वीस वर्षांचे घरोब्याचे संबंध तीस हजार रुपयांवर तुटतात. म्हणून व्यवहार स्पष्ट बोलणे हेच नाते जपणे आहे, असे मी आग्रहाने सांगेन.

कोणी पैसे मागितले तर तिथल्या तिथे होकार किंवा नकार देऊ नये. ‘घरी बोलून परवा सांगतो’ हे वाक्य सवयीचे करून घ्यावे आणि सांगितल्याप्रमाणे परवाच सांगावे. टोलवाटोलवी करणे नकारापेक्षा अधिक दुखावते. मधल्या वेळात स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ही रक्कम कधीच परत आली नाही, तर माझ्या घराचे काय अडेल आणि या माणसाविषयी माझ्या मनात काय उरेल? जेवढी रक्कम परत न आल्यास घर अडणार नाही आणि मनात कडवटपणा राहणार नाही, तेवढीच द्यावी. ती मागितलेल्या रकमेचा दहावा हिस्सा असली तरी हरकत नाही, आणि शक्य असेल तर ती उसनी म्हणून न देता मदत म्हणूनच द्यावी.

उसनी रक्कम मोठी असेल तर ती बँकेतूनच द्यावी. वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने उसनी घेण्यास आयकर कायद्याची मनाईच आहे. सोबत रक्कम, तारीख आणि परतफेडीची मुदत लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी किंवा निदान फोनवरचा लेखी संदेश असावा. ‘आपल्या माणसाकडून लिहून काय घ्यायचे’ ही भावना स्वाभाविक आहे, परंतु दोघांपैकी एकाचे बरेवाईट झाले तर तीच चिठ्ठी दोन्ही घरांना संशयापासून वाचवते. उसने दिलेले पैसे न्यायालयामार्फत वसूल करण्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते, हेही माहीत असावे.

जामीन राहण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. कार्यालयातल्या पगारदार पतसंस्थेचे कर्ज घेताना सहकारी ‘फक्त सही हवी’ असे म्हणून अर्ज पुढे करतो आणि रोज एकाच टेबलावर डबा खाणाऱ्या माणसाला नाही कसे म्हणायचे, असे वाटून सही केली जाते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे ती सही ओळखीचा दाखला नसून कर्ज फेडण्याचे वचन असते. हप्ते थकले तर वसुली जामीनदाराच्या पगारातून होऊ शकते आणि त्याला स्वतःच्या घरासाठी कर्ज घ्यायचे असेल तेव्हा त्याची पतही खालावलेली निघू शकते. जे कर्ज आपण स्वतः फेडू शकतो आणि फेडायला तयार आहोत, त्यालाच जामीन राहावे. अन्यथा राहू नये.

नाही म्हणण्यासाठी शब्द आधीच तयार असले तर भिडेचा जोर कमी होतो. ‘दादा, तुमची अडचण मला कळते. जामीन कोणालाच राहायचं नाही, असं आम्ही घरात ठरवलंय. पाच हजार रुपये मात्र मी देऊ शकतो आणि ते परत नाही केलेत तरी चालतील.’ या बोलण्यात खोटे काही नाही, समोरच्याचा अपमान नाही आणि खोटी आशाही नाही. ‘सध्या माझाच हात आखडला आहे’ असे खोटे कारण देण्याचा मोह होतो, परंतु पुढच्याच महिन्यात घरात नवा फ्रिज आला की ते उघडे पडते, आणि तोवर आपल्यालाच चोरट्यासारखे वागावे लागते. नकार दिल्यानंतर दोन-चार दिवस अपराधी वाटेल. ते वाटणे चुकीचा निर्णय घेतल्याची खूण नाही. वर्षानुवर्षांची सवय मोडल्यावर तसे होतेच, आणि ते ओसरते.

खर्चाची खंत आणि इतरांशी बरोबरी

आयुष्यभर काटकसर केलेल्या माणसाला स्वतःसाठी खर्च करताना खंत वाटते. गुडघे दुखत असूनही रिक्षा करायची नाही, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधून वापरायची, आणि मुलांसाठी मात्र लाखो रुपये काढून द्यायचे, असे जगणारी माणसे प्रत्येक घरात असतात. त्यांना ‘आता तरी उपभोग घ्या’ असे सांगून उपयोग होत नाही. त्यांना रक्कम ठरवून द्यावी लागते. वर्षाच्या सुरुवातीलाच आरोग्य, प्रवास आणि आवड यांसाठी एक आकडा वेगळा काढावा आणि तो वर्षाअखेर शिल्लक राहिला तर ते नियोजन फसले असे समजावे. काटकसरीच्या माणसाला ठरलेले पार पाडण्याची शिस्त असतेच. ती इथे कामी येते.

लग्नकार्यातल्या खर्चाबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण त्यातले चुकीचे काय हे सर्वांना ठाऊक आहे. एवढेच करावे: हॉल, जेवणावळ आणि दागिने यांची चौकशी सुरू होण्याआधी एकूण रकमेचा आकडा दोन्ही घरांनी एकत्र बसून लिहावा आणि त्यासाठी नवे कर्ज काढायचे नाही, हे आधी ठरवावे. व्याह्यांसमोर पैशाचे बोलणे अवघड वाटते हे खरे, परंतु एका बैठकीतला अवघडलेपणा पाच वर्षांच्या हप्त्यांपेक्षा पुष्कळ सुसह्य असतो.

गमावण्याची भीती

डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की, माणसाला नफ्याचा जितका आनंद होतो त्यापेक्षा तेवढ्याच तोट्याचे दुःख बरेच अधिक होते. पुढच्या अभ्यासांत हे प्रमाण साधारण दुप्पट आढळले. त्यामुळे गुंतवणुकीची किंमत रोज पाहणारा माणूस, एकूण फायद्यात असूनही, दुःखीच राहतो. २३ मार्च २०२० रोजी शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० अंकांहून अधिक कोसळून २६,००० च्या खाली गेला आणि अनेकांनी घाबरून त्याच सुमारास सगळे विकून टाकले. जानेवारी २०२१ मध्ये त्याच निर्देशांकाने ५०,००० चा टप्पा ओलांडला. बाजार दरवेळी असाच सावरतो असे यावरून समजू नये. पुढच्या पाच-सात वर्षांत ज्या पैशाची गरज पडणार आहे तो पैसा बाजारात ठेवू नये आणि जो ठेवला आहे तो वर्षातून दोनदा पाहावा, एवढा बोध पुरेसा आहे.

उलट, तोट्याच्या भीतीने सर्व पैसा केवळ मुदत ठेवीत ठेवणाऱ्यांनाही त्या भीतीची किंमत मोजावी लागते. महागाई वर्षाला ६ टक्के राहिली तर आज दरमहा ३०,००० रुपयांत चालणाऱ्या घराला १२ वर्षांनी सुमारे ६०,००० रुपये लागतील. ठेवी सुरक्षित असल्याची खात्रीही डोळसपणे करून घ्यावी. २०१९ मध्ये एका मोठ्या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा होती, आणि तो धसका अनेक वृद्धांच्या मनातून अजून गेलेला नाही. फेब्रुवारी २०२० पासून बँकेतल्या ठेवीला, प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत, व्याज धरून ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नाही. धसका घेतलेल्या माणसाची समजूत घालत बसण्यापेक्षा त्याच्यासोबत बसून ठेवी दोन-तीन बँकांत विभागून द्याव्यात आणि प्रत्येक ठेवीला नामनिर्देशन आहे की नाही ते पाहावे. त्याला झोप त्याने लागेल.

कर्जाची लाज

कर्ज फेडण्यापेक्षा कर्ज लपवण्यात माणसाची जास्त शक्ती खर्च होते. एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे, मग मोबाइलवरच्या ॲपवरून तिसरे, आणि घरी मात्र सर्व काही ठीक आहे असे भासवणे, हे फार काळ चालत नाही. सर्व सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात ते याच अनुभवातून. म्हणून पहिले पाऊल आकडेमोडीचे नाही. ज्याच्यावर विश्वास आहे अशा एका माणसाला, शक्यतो जोडीदाराला, संपूर्ण आकडा सांगावा; थोडा सांगून थोडा राखून ठेवू नये, कारण उरलेला आकडा नंतर कळला तर विश्वासाला दुसऱ्यांदा तडा जातो. ऐकणाऱ्याने पहिल्या दिवशी ‘असे का केलेस?’ हा प्रश्न विचारू नये. कोणाचे किती, व्याज किती, आणि कोण तगादा लावत आहे, एवढेच विचारून सोबत लिहून घ्यावे.

मग व्याजदराच्या उतरत्या क्रमाने यादी करावी. क्रेडिट कार्डावर एक लाख रुपये थकले असतील आणि दरमहा ३ टक्के व्याज असेल, तर महिन्याचे व्याजच ३,००० रुपये होते. किमान देय म्हणून ५,००० रुपये भरले तरी मुद्दल २,००० रुपयांनीच घटते, कर वेगळाच. असे कर्ज डोक्यावर असताना कपाटात दागिने जपून ठेवणे हे भावनेच्या दृष्टीने समजण्यासारखे असले तरी घराच्या हिताचे नाही. दागिना मोडणे म्हणजे अब्रू जाणे, ही समजूत कितीतरी घरांना व्याजात बुडवते. मात्र स्त्रीधन कायद्याने त्या स्त्रीचेच असते, म्हणून निर्णय तिचा असावा, दबाव न आणता असावा, आणि मोडावा की गहाण ठेवावा हेही तिनेच ठरवावे.

हप्ता चुकणार हे दिसू लागताच, तो चुकण्यापूर्वी, बँकेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची लेखी विनंती करावी. वसुली प्रतिनिधींना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर कर्जदाराला फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. धमकावणे, शिवीगाळ करणे किंवा नातेवाइकांत बदनामी करणे यांनाही मुभा नाही. अशा फोनच्या नोंदी तारीख-वेळेसह ठेवाव्यात आणि तक्रार लेखी करावी. खासगी सावकार विनापरवाना असेल तर महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि तक्रार सहकार विभागाच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयाकडे करता येते.

झोप उडणे, भूक जाणे, कोणाशीही बोलावेसे न वाटणे, आपल्यामागे घराचे काय होईल याचा हिशेब मांडत राहणे, किंवा आपण नसलेलेच बरे असे बोलणे, यांपैकी काहीही दिसू लागले तर तो आता केवळ पैशाचा प्रश्न राहिलेला नसतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे, तो रात्रंदिवस चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. कर्जात अडकलेला माणूस स्वतः फोन करील याची वाट पाहू नये. घरच्यांनी लावून द्यावा. त्या दिवसांत त्याला एकटे ठेवू नये, त्याचा मोबाइल घरातल्या दुसऱ्या कोणी सांभाळून तगाद्याच्या फोनना उत्तरे द्यावीत, आणि कर्जाच्या यादीचा कागद तो सावरेपर्यंत आपल्याकडे ठेवावा.